साठ कोटी गेले, पण सगळे गेले का?

वाचक मुंबईत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाव छापू नका असं तिने कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा. कॅम्पसवर एका कन्सल्टिंग कंपनीच्या इंटरव्ह्यूत तिला केस (सोडवायला दिलेला धंद्यातला प्रसंग) आली की एक खासगी साखर कारखाना इथेनॉलसाठी डिस्टिलरी बांधतोय, ६० कोटी खर्च झालेत, पूर्ण करायला अजून ४० कोटी लागतील. सुरुवातीला वर्षाला १५ कोटी रोख सुटतील असं धरलं होतं, आता तो अंदाज ९ कोटींवर आलाय. मुदत १० वर्षं, पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायचा दर १२ टक्के. काम पूर्ण करायचं का थांबवायचं? तिने सांगितलं, ६० कोटी ही सन्क कॉस्ट, म्हणजे बुडालेला, परत न येणारा खर्च, ती सोडून द्या, वर्षाला ९ कोटी म्हणजे आजच्या हिशोबात ५१ कोटी, ४० घालून ५१ मिळतात तर पूर्ण करा. समोरच्याने विचारलं, "म्हणजे त्या साठ कोटींचं आता काहीच उरलेलं नाही?" ती म्हणाली नाही, सन्क कॉस्ट आहे. मग त्याने विचारलं, "चेअरमन बोर्डाला काय सांगतील?" ती म्हणाली तो मुद्दा निर्णयाशी संबंधित नाही. पुढच्या फेरीत नाव आलं नाही. त्याच पॅनेलने तिच्या मित्राला तीच केस दिली, तो म्हणाला शंभर कोटी घालून ५१ मिळणार असतील तर थांबवा, आणि त्याचं नाव आलं. तिचा प्रश्न: "ताई, मग सन्क कॉस्ट धरायची का नाही धरायची? का पुस्तकात एक असतं आणि पॅनेलला दुसरंच हवं असतं? पुढच्या गुरुवारी दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू आहे. अशीच केस आली तर पहिलं वाक्य काय बोलू?"

गुरुवार जवळ आलाय म्हणून आधी सरळ उत्तर देते. नाही धरायची. तू ६० कोटी बाजूला ठेवलेस ते बरोबरच केलंस, आणि शंभर घालून ५१ मिळतात हा तुझ्या मित्राचा हिशोब चूकच आहे, त्याची निवड झाली म्हणून तो बरोबर ठरत नाही. हे आधी मनात पक्कं कर, नाहीतर गुरुवारी घाबरून तू ते ६० कोटी परत हिशोबात ओढशील आणि खरंच चुकशील.

आता मित्राचं. त्याचं आत काय झालं हे तुला मेसमध्ये जेवताना कळलंय, दोन वाक्यांत. पण केस वीस-पंचवीस मिनिटं चालते, त्यात त्याने अजून काय विचारलं, कुठे दुरुस्ती केली, गेस्टिमेट (अंदाजाने काढायचा आकडा) कसा मांडला, तुला नाही माहीत आणि मलाही नाही. मी स्वतः काही वर्षं अशा पॅनेलवर बसलेय, नंतर मुलांची तयारीही करून घेतली, त्यावरून एवढं नक्की सांगते की एका उत्तरावरून कुणाला घेत नाहीत आणि एका उत्तरावरून बहुतेक वेळा कुणाला काढतही नाहीत. "मी सन्क कॉस्ट सोडली म्हणून गेले" हे तू ठरवून टाकलंयस. तुझं पत्र वाचून मला वेगळंच वाटतंय.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तू सहज एक ओळ लिहून गेलीयेस, की केसच्या कागदावर खाली असंही होतं की शेजारच्या कारखान्याने मशिनरी घ्यायची तयारी दाखवलीये, पण ती मला एक्स्ट्रा माहिती वाटली म्हणून वापरली नाही. अगं, इथेच तर घोडं पेंड खातं! केसमध्ये लांबची-जवळची माहिती असते, काही खरंच दिशाभूल करायला टाकलेली असते, हे मान्य. पण ही ओळ म्हणजे अख्ख्या केसची किल्ली होती, आणि "साठ कोटींचं काहीच उरलेलं नाही?" असं विचारून तो माणूस ती किल्ली तुझ्या हातात देत होता. तुला वाटलं तो तुला सापळ्यात पकडतोय, म्हणून तू पाठ केलेलं वाक्य आणखी घट्ट धरलंस.

झालेला खर्च आणि बुडालेला खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तयारी करणारी मुलं सगळ्यात जास्त इथे अडकतात. साठ कोटी खर्च झाले म्हणजे कशावर झाले? समज वीस कोटींचं सिव्हिल काम, पाया, काँक्रीट, आतले रस्ते. ते गेलेच, पाया उपटून कोणी विकत नेत नाही. पाच कोटी सल्लागार, ड्रॉइंग, परवानग्या, तेही गेले. पण उरलेले पस्तीस कोटी फर्मेंटेशनच्या टाक्या, डिस्टिलेशनचे कॉलम, बॉयलर यात आहेत, त्यातलं काही अजून न उघडलेल्या पेट्यांत असेल, काही मशिनरीचा नुसता अ‍ॅडव्हान्स दिलेला असेल. ते विकता येतं, परत करता येतं, निदान घासाघीस तरी करता येते. पूर्ण किंमत येणार नाही, पण शून्यही येणार नाही. म्हणून त्या ओळीवर तू फक्त विचारायला हवं होतंस की शेजारी किती देतोय. ते त्याच्याकडे लिहिलेलं असणार.

समज तो म्हणाला असता १५ कोटी. मग दोन रकाने कर. चालू ठेवलं तर ४० घालायचे आणि आजच्या हिशोबात ५१ मिळायचे, म्हणजे हातात ११. थांबवलं तर १५ आले. आता ११ पेक्षा १५ जास्त, म्हणजे थांबवलेलं बरं. बघ, ६० कोटी कुठेच धरले नाहीत, तरी उत्तर उलटं झालं. तुझ्या मित्राने चुकीच्या वाटेने जाऊन बरोबर गावाला पोचल्यासारखं झालं असेल आणि तू बरोबर वाटेने निघून मधेच उतरलीस. "पूर्ण करणं फायद्याचं आहे का" हा तुझा प्रश्न होता. खरा प्रश्न "पूर्ण करणं हे थांबण्यापेक्षा फायद्याचं आहे का" असा होता, आणि थांबण्यालाही स्वतःची किंमत असते, तिथे शून्य लिहून चालत नाही.

उलट बाजूही बघ. थांबताना खर्चही येतात. ठेकेदाराशी करार झालेला असतो, समज तो मोडला तरी त्याला ३ कोटी द्यावेच लागतात. म्हणजे थांबलं तर १५ वजा ३, बारा. ११ आणि १२. आणि यातली गंमत लक्षात घे, हे तीन कोटी अजून दिलेले नाहीत तरी ते एका अर्थाने बुडीतच आहेत, कारण काम चालू ठेवलं तरी ते ४० मधून ठेकेदारालाच जाणार आणि थांबवलं तरी जाणार. म्हणून मी मुलांना सांगते की "झालेला खर्च सोडा" असं पाठ करू नका, "जो टाळताच येत नाही तो सोडा" असं म्हणा. तारीख बघू नका, टाळता येतो का ते बघा. कागदावर हे करायची सोपी रीत म्हणजे दोन रकाने, डावीकडे चालू, उजवीकडे बंद, आणि जो आकडा दोन्हीकडे सारखाच येतो तो खोडून टाकायचा. साठ कोटी दोन्हीकडे आहेत, खोडा. त्या साठपैकी काही बँकेचं कर्ज असेल तर त्याचा हप्ता दोन्हीकडे भरायचाच आहे, खोडा. हेड ऑफिसचा जो खर्च या प्रोजेक्टच्या नावावर वाटून टाकलाय तो डिस्टिलरी झाली काय नि नाही झाली काय होणारच आहे, तोही खोडा. कर्जाच्या व्याजाला मुलं फार फसतात, "व्याज चालूच आहे म्हणून लवकर पूर्ण करा" म्हणतात, पण व्याज तर बंद केलं तरी चालूच आहे ना. हां, एक मात्र बघायचं, की आधीच्या कर्जामुळे पुढचे ४० कोटी उभे राहतील का. तो पुढचा प्रश्न आहे, तो खोडायचा नाही.

आता ११ आणि १२ वर थांबून "म्हणून बंद करा" असं ठासून सांगू नकोस. एका कोटीचा फरक आहे आणि सगळं त्या वर्षाला ९ कोटींवर उभं आहे. ९ ऐवजी ९ कोटी २० लाख धरले की दोन्ही पारडी सारखी होतात, करून बघ, १२ टक्के आणि दहा वर्षांना ५.६५ ने गुणायचं असतं. म्हणजे चर्चा साठ कोटींवर नाही, या वीस लाखांवर व्हायला हवी. आणि वीस लाख काय, इथेनॉलमध्ये एका सरकारी पत्राने अख्खं गणित बदलतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने त्या हंगामापुरतं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आठवडाभरात ती थोडी सैल करून इथेनॉलकडे वळवायच्या साखरेला १७ लाख टनांची मर्यादा घातली, आणि पुढच्या हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते निर्बंध उठवले. आपल्याकडे ज्यांच्या डिस्टिलऱ्या अर्ध्या बांधून होत्या त्यांना तेव्हा झोप लागली नसेल. मराठी मुलीला ही केस आली आणि हे तिने बोलून दाखवलं, तर समोरच्याला कळतं की ही नुसता फॉर्म्युला लावत नाहीये, तिला धंदा दिसतोय.

आणि चालू का बंद एवढे दोनच रस्ते आहेत हे तरी कुणी सांगितलं? प्रश्न दोन पर्यायांत विचारला म्हणून तू दोनच बघितलेस. तिसरा शोधायला कोणी बंदी केलेली नाही. उदाहरणार्थ डिस्टिलरी मक्यावरही चालेल अशी केली तर गाळप हंगाम संपल्यावरही ती चालू ठेवता येते, त्याला समज वरचे १० कोटी लागले आणि वर्षाची रोख ९ वरून १२ कोटी झाली, तर आजच्या हिशोबात ६८ मिळतात, ५० घालायचे, हातात जवळपास १८. आता चालू ठेवणंच बरं! हे आकडे मी बसल्या जागी धरलेत, मका कुठून येणार, काय भावाने, ते सगळं विचारावं लागेल, पण दिशा कळली ना. किंवा एक हंगाम थांबायचं, मशिनरी झाकून ठेवायची, सरकारचं पत्रक काय येतंय बघायचं, त्याचीही किंमत काढता येते. अर्धवट बांधकामाची हीच जमेची बाजू असते की थांबायला जागा असते.

इथे मला आमच्या काकांच्या बोअरची आठवण सांगायचीये, कारण सन्क कॉस्ट मला कुठल्या वर्गात नाही, तिथे कळली.

माण तालुक्यात काकांची शेती, साल २००३, दुष्काळ असा की गुरं चारा छावणीत. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरून एक जागा दाखवली, रात्री बोअरची गाडी आली. तो कॉम्प्रेसरचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहितीये, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळे घरातले उभे, आणि सगळ्यांची नजर खालून उडणाऱ्या भुकटीवर. भुकटी कोरडी असली की पाणी नाही, ओलसर होऊन चिखल यायला लागला की जीवात जीव येतो. एक रॉड वीस फुटांचा, एजंट वहीत रेघा मारतोय. बारा रॉड झाले, दोनशे चाळीस फूट, भुकटी कोरडी ठाक, राखेसारखी, आणि वरचा मुरूम संपून कधीचा काळा पाषाण लागलेला. काकी गाडीवाल्यांना चहा देता देता डोळे पुसत होती. काका म्हणाले, "एवढं खाली आलोय, अजून दोन टाका." दोन टाकले. परत तेच. आणि खाली खाली फुटामागचा भावही वाढत जातो.

तेव्हा आत्याचे मिस्टर काकांना म्हणाले, गेले ते गेले, हे सोडा, तिकडे बांधाजवळ नवीन मारा. ऐकायला हे अगदी तुझ्या पुस्तकातलं उत्तर आहे, गेलेला पैसा विसरा. पण नवीन जागा होती शंभर-सव्वाशे फुटांवर, तिथे परत पहिल्या फुटापासून खोदायचं, परत केसिंग पाईप घालायचा, आणि दगड कुठला लागणार तर हाच. मागचे पैसे विसरायचे असतात, त्या पैशांनी जे कळलं ते विसरायचं नसतं. चौदा रॉडांनी काकांना एक गोष्ट विकत दिली होती, की या पट्ट्यात खाली पाषाण सलग आहे. ती माहिती बांधाजवळच्या जागेलाही लागू होती. काकांनी अजून दोन रॉड टाकायला लावले, सोळा रॉडांवर, तीनशे वीस फुटांवर, हात वर केला आणि गाडी बंद करायला सांगितली. नवीन जागीही मारू दिलं नाही. उरलेल्या पैशांत त्या वर्षी टँकरच्या पाण्यावर डाळिंबाची दोनशे झाडं तेवढी जगवली. तीनशे साठला पाणी होतं का, कोणालाच माहीत नाही, काका आता नाहीत आणि ते भोक वर दगड ठेवून तसंच आहे.

तुझ्या केसमध्ये हे कसं लावशील? पहिला अंदाज वर्षाला १५ कोटींचा होता, आता ९ चा आहे. म्हणजे या ६० कोटींनी आणि गेल्या दोन वर्षांनी कारखान्याला काहीतरी शिकवलंय. अंदाज का पडला? धोरणामुळे का उसाच्या टंचाईमुळे का खर्च चुकल्यामुळे? आणि ज्या माणसाने १५ सांगितले होते त्यानेच आता ९ सांगितलेत का? त्यानेच "अजून ४० लागतील" असंही सांगितलंय का? मग ते ४० खरे धरायचे का ५५? हा प्रश्न विचारलास की पॅनेलवरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो, हे मी स्वतः अनुभवलंय, कारण पंधरा-वीस मुलांमागे एखाद्यालाच हे सुचतं. झालेला खर्च हिशोबात येत नाही पण तो पुढच्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा ते सांगतो.

घरचंच एक मोठं उदाहरण तुझ्याजवळ असू दे. तोटा दिसत असूनही पैसे ओतत राहिलेल्या कॉन्कॉर्ड विमानाचं उदाहरण सगळेच देतात, ते देऊ नकोस, आपल्या गुहागर तालुक्यातलं अंजनवेल दे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं एकूण गणित २,१८४ मेगावॅटचं, पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, तो १९९९ मध्ये सुरू झाला, विजेच्या दरावरून वीज मंडळाशी वाद विकोपाला गेला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, तेव्हा दुसऱ्या टप्प्याचं बरंचसं काम झालेलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. तेव्हा घराघरात एकच वाक्य होतं, एवढे हजारो कोटी घातलेत ते काय वाया घालवायचे? आणि दुसरी बाजू म्हणायची, त्या प्रकल्पाने आपल्याला लुटलं, त्याचं नावही नको. आज शांतपणे बघितलं तर दोन्ही बाजू मागे बघून बोलत होत्या. निर्णयाचा प्रश्न एवढाच होता की आज जे उभं आहे ते चालवायला अजून किती लागतील, गॅस काय भावाने मिळेल आणि ती वीज कोण घेईल. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली, २००६ मध्ये वीज परत सुरू झाली. तेच लोखंड, तीच यंत्रं, पण हिशोब नवीन किमतीपासून सुरू. आणि पुढे देशातला गॅस आटला तेव्हा प्रकल्प परत अडचणीत आला. हा शेवटचा भाग मुद्दाम सांगतेय, जुन्या खर्चाची पाटी पुसून टाकली म्हणजे पुढचं आपोआप चांगलं होतं असं नाही, गॅसचा भाव तो गॅसचा भावच राहतो.

गेले म्हटलेले पैसे खरंच गेले का, याला पश्चिम बंगालमधलं सिंगूर बघ. टाटा मोटर्सने ऑक्टोबर २००८ मध्ये नॅनोचा तिथला कारखाना सोडून गुजरातेत साणंदला जायचं ठरवलं. यंत्रं हलवता येत होती ती हलवली, इमारती राहिल्या. पण विषय तिथे संपला नाही, २०२३ मध्ये लवादाने पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५ कोटी ७८ लाख रुपये आणि वर व्याज द्यावं असा निकाल दिला. पंधरा वर्षांनी! म्हणून "हे सगळं बुडीत" असं म्हणायच्या आधी विकता येईल का, हलवता येईल का, कोणाकडून मागता येईल का, हे तीन प्रश्न तोंडात असू देत.

आता तो चेअरमनचा प्रश्न. तू म्हणालीस तो निर्णयाशी संबंधित नाही. मला वाटतं इंटरव्ह्यू तिथे हातातून सुटला असेल. त्याला काही तू ६० कोटी धरायला हवे नव्हते. त्याला बघायचं होतं की उद्या ही मुलगी सांगलीला नाहीतर सोलापूरला एका साठीच्या माणसासमोर बसली, ज्याने गावभर भूमिपूजनाच्या पत्रिका वाटल्यात, बँकेत स्वतःची सही दिलीये, तर ही त्याला काय म्हणेल. "सन्क कॉस्ट आहे, इग्नोर करा" असं म्हणाली तर तो चहा पाजून परत पाठवेल आणि काम चालूच ठेवेल. मग तुझं बरोबर उत्तर काय कामाचं?

त्या माणसाला मूर्ख समजू नकोस, आपण सगळेच असे असतो. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांचा एक अभ्यास आला, त्यात नाटकांच्या सीझन तिकिटांवर काही जणांना कसलाही निकष न लावता सवलत दिली होती, बाकीच्यांनी पूर्ण पैसे भरले. नाटकं तीच, तरी पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त वेळा आले. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक ओसरला. हा ओसरण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो, पैशाची टोचणी काळाने कमी होते, म्हणून ताज्या जखमेवर लगेच निर्णय मागू नये, जमलं तर.

आणि चेअरमनला बोलायचं कसं याला इंटेलची गोष्ट चांगली आहे. कंपनी मेमरी चिपवर उभी राहिलेली, १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात जीव नकोसा केलेला. कंपनीच्या दोन प्रमुखांपैकी अँडी ग्रोव्हने गॉर्डन मूरला विचारलं की बोर्डाने आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्हचं म्हणणं असं की आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू. बघ, यात "तुमचे पैसे गेले" असं कोणी कोणाला म्हटलंच नाही. तूही चेअरमनला विचारू शकतेस की साहेब, ही अर्धी डिस्टिलरी आज दुसऱ्या कोणाची असती आणि तुम्हाला १२ कोटींत मिळत असती, वर ४० घालायचे असते, तर तुम्ही घेतली असती का? १२ का, तर थांबलं तर तेवढेच हातात येतात, म्हणजे चालू ठेवणं म्हणजे ती १२ ला परत विकत घेणंच झालं. हा प्रश्न धंदेवाल्या माणसाला लगेच कळतो, त्याला डिस्काउंट रेट, म्हणजे तो १२ टक्क्यांचा दर, समजवावा लागत नाही.

त्याच्या पुढे बोर्डाचं. पहिला निर्णय तेव्हाच्या माहितीवर बरोबर असू शकतो, १५ कोटींचा अंदाज असताना शंभर कोटी घालणं आतबट्ट्याचं नव्हतं, १२ टक्क्यांनी तो ८५ च्या आसपास येतो, म्हणजे, थांब, मीच बोलता बोलता हिशोब केला तर ८५ हे शंभरापेक्षा कमी आहेत, म्हणजे मुळातच कुणीतरी मुदत जास्त धरली असणार किंवा दर कमी. हे तुझ्याही नजरेतून सुटलं आणि मी लिहायला बसेपर्यंत माझ्याही सुटलं होतं. आता हे चेअरमनला तोंडावर मारायला वापरायचं नाही. पण ९ चा अंदाज ज्या पद्धतीने काढला ती तपासून घ्यायला याहून मोठं कारण नाही. बोर्डाला सांगताना आधी काय बदललं ते सांगायचं, मग आज कुठले रस्ते आहेत, मग कंपनीच्या हिशोबाच्या पुस्तकात नुकसान किती दिसेल. ६० कोटींच्या गोष्टीचे १५ आले तर ४५ कोटी ताळेबंदातून काढून टाकावे लागतील, त्यात रोख जात नाही, ती आधीच गेलीये, पण त्या वर्षीचा नफा खाली दिसेल आणि बँक विचारेल. हे आधीच सांगितलं तर चेअरमनला तुझा आधार वाटतो. नाहीतर तो एवढ्या एका आकड्याला घाबरून काम चालू ठेवतो, असं मी बघितलंय, दोन वेळा.

आता गुरुवार. पहिलं वाक्य विचारलंयस ते देते, खोलीत इंग्रजीत बोलशील पण आधी मराठीत स्वतःला म्हणून बघ, मराठीत अडखळलीस तर समजलेलं नाहीये असं समज. "झालेल्या खर्चातलं परत मिळण्यासारखं किती आहे ते मला आधी विचारायचंय, जे मिळणारच नाही ते मी दोन्ही पर्यायांतून काढून टाकते, आणि मग इथून पुढे चालू ठेवणं, थांबवणं आणि काही तिसरा रस्ता असेल तर तो, यांची तुलना करते." बस, एवढंच, सन्क कॉस्ट हा शब्द न उच्चारलास तरी चालेल. मग गप्प बस आणि त्याला आकडे देऊ दे. आणि त्याने एखादा प्रश्न परत विचारला, वेगळ्या शब्दांत विचारला, तर तो तुला पकडत नाहीये असं धरून चाल. दहातले आठ तरी वाट दाखवत असतात. "तुम्ही हे विचारताय म्हणजे माझ्याकडून काहीतरी राहिलंय का, मला एक मिनिट द्या" असं म्हणायला काही कमीपणा नाही.

तोवर रोज एक केस या पद्धतीने सोडव, आणि केसबुकातलीच हवी असं नाही. मामांचं अर्धं बांधलेलं घर, वहिनीचं बंद पडत आलेलं पार्लर, कॉलेजच्या फेस्टचं आधी बुक केलेलं ग्राउंड, काहीही घे. वहीचं पान मधोमध दुमड, चालू आणि बंद असं लिही, सारखे आकडे खोड, उरतील त्यांच्यावर बोट ठेवून विचार की हा कोणी सांगितला आणि का खरा मानू. केस पार्टनरला चेअरमन कर आणि त्याला मुद्दाम चिडायला सांग, हे नक्की कर, कारण गणित तुझं चांगलं आहे, तुला सराव या भागाचा नाही.

डिस्टिलरीची केस मक्याच्या पर्यायासकट पुन्हा मांडून मला रविवारपर्यंत पाठव. मक्याचा भाव तू धर, मी तपासते.